विश्वासू नोकराविषयीं संशय

पेढी लहान असो वा मोठी, तिच्यांत एक तरी मनुष्य असा असतो कीं, ज्याच्याजवळ साऱ्या किल्ल्या असतात. कोठें तो मुनीम असतो, कोठें रोखपाल, कोठें वखारीवरचा कारभारी, तर आजच्या कचेऱ्यांत हिशेबाच्या संगणकाचे परवलीचे शब्द एकट्यालाच ठाऊक असलेला अधिकारी. मालक महिनाभर परगांवीं गेला तरी पेढी चालते. हा मनुष्य चार दिवस आजारी पडला तर मात्र बिलें थकतात, पगार लांबतात आणि बॅंकेचीं पत्रें टेबलावर पडून राहतात. अशा माणसाच्या हिशेबांत एके दिवशीं मेळ बसत नाहीं. एखाद्या व्यापाऱ्याला पैसे दिल्याची नोंद असते. पण तो म्हणतो, मला ते पोंचलेच नाहींत. माल आल्याची पावती असते. पण वखारींत माल नसतो. त्या क्षणीं मालकापुढें जो प्रश्न उभा राहतो, तो व्यवहारांतील अत्यंत कठीण प्रश्नांपैकीं एक होय: या माणसाला काढून टाकावें कीं ठेवावें?

या प्रसंगीं मालकाच्या कानाशीं दोन सल्लागार बोलूं लागतात. पहिला सल्लागार संताप. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आजच्या आज बाहेर काढ, असें तो सांगतो. दुसरी सल्लागार भीति. हा गेला तर वर्षअखेरचे हिशेब कोण पुरे करणार, कराचे कागद कोठें आहेत हें कोणाला ठाऊक, आणि तो गिऱ्हाइकें घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या दारांत जाऊन बसला तर काय, असे प्रश्न ती विचारते आणि गप्प बसण्याचा उपदेश करते. शिवाय पंधरा-वीस वर्षांचा घरोबा असतो. ज्याच्या मुलाच्या मुंजींत मालक सहकुटुंब जेवून आला, त्याच्याकडे हिशेब कसा मागावा, हा संकोच भीतीच्या मदतीला येतो.

दोघांचे उपदेश परस्परविरुद्ध दिसले तरी ते एकच चूक करवितात. पुरावा हातीं येण्यापूर्वींच ते निकाल देऊन मोकळे होतात. संतापानें केलेल्या निकालांत निरपराध मनुष्य बळी पडण्याचा संभव असतो. भीतीनें केलेल्या निकालांत पेढीच बुडण्याचा संभव असतो. वस्तुतः काढावें कीं ठेवावें हा प्रश्न पहिल्या दिवसाचा नव्हेच. तो शेवटच्या दिवसाचा आहे. पहिल्या दिवसाचें काम निराळें आहे, आणि तें ज्यानें नीट केलें त्याला शेवटचा निर्णय पुष्कळ सोपा होतो. या दोन सल्लागारांच्या मागें गेल्यानें काय होतें याचीं दोन प्रसिद्ध उदाहरणें ब्रिटनच्या अलीकडील इतिहासांत सांपडतात. तीं पाहिलीं म्हणजे पहिल्या दिवसाचें काम कोणतें, हें आपोआप कळेल.

लंडनची बेअरिंग्ज ही पेढी १७६२ सालीं स्थापन झाली. १८०३ सालीं अमेरिकेनें फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश विकत घेतला, तेव्हां त्या व्यवहाराचा पैसा उभारण्यांत तिचा मोठा हात होता. अशा जुन्या आणि नांवाजलेल्या पेढीनें १९९२ सालीं निक लीसन या तरुणाला सिंगापूरच्या कचेरीवर नेमलें. तेथील वायदेबाजारांत सौदे करणें हें त्याचें काम. परंतु झालेल्या सौद्यांच्या नोंदी ठेवणें, पैशांची देवघेव पुरी करणें आणि हिशेब जुळविणें हें कामहि त्याच्याच देखरेखीखालीं होतें. सौदा करणारा आणि सौदा तपासणारा हात एकच होता. त्यानें ८८८८८ या क्रमांकाचें एक खातें उघडलें आणि तोट्याचे सौदे तो त्यांत दडवूं लागला. लंडनला जाणाऱ्या कागदांवर मात्र नफा दिसे. १९९४ च्या अखेरीस त्या खात्यांतील तोटा २० कोटी ८० लक्ष पौंडांवर गेला होता. आणि याच वेळीं लंडनचे वरिष्ठ त्याच्या कर्तबगारीवर खूष होते.

शंकेला जागा नव्हती असें मुळींच नाहीं. १९९४ च्या उन्हाळ्यांत पेढीच्या अंतर्गत हिशेबतपासनिसांनीं सिंगापूरची कचेरी तपासली. एकाच माणसाच्या हातीं फार अधिकार एकवटले आहेत, सौद्यांचें आणि हिशेबाचें काम वेगवेगळ्या हातीं द्यावें, असें त्यांनीं लिहून दिलें. ती सूचना कागदावरच राहिली. भरपूर नफा मिळवून देणाऱ्या माणसाला दुखवावयास कोणी तयार नव्हतें. पुढें १९९५ च्या आरंभीं बाहेरच्या तपासनिसांना सुमारें ५ कोटी पौंडांच्या एका रकमेचा उलगडा होईना. लीसननें एका अमेरिकन कंपनीच्या नांवाचीं बनावट पत्रें पुढें केलीं आणि तीं खरीं मानलीं गेलीं. दरम्यान १७ जानेवारीला जपानमधील कोबे शहरीं मोठा भूकंप झाला, तेथील शेअरबाजार घसरला, आणि झालेला तोटा भरून काढण्याच्या नादांत लीसननें आणखी मोठे सौदे केले. २३ फेब्रुवारीला तो सिंगापूर सोडून पळाला. हिशेब झाला तेव्हां एकूण तोटा ८२ कोटी ७० लक्ष पौंड भरला. एवढी रक्कम भरून देण्याची त्या पेढीची ऐपत नव्हती. मार्च महिन्यांत आय. एन. जी. या डच संस्थेनें ती केवळ एक पौंड किंमतीला विकत घेतली. लीसनला फ्रॅंकफुर्ट येथें पकडण्यांत आलें आणि त्या वर्षाच्या अखेरीस सिंगापूरच्या न्यायालयानें त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा दिली.

या हकिकतींत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. १९९४ च्या उन्हाळ्यांत लीसनला बडतर्फ करण्याइतका पुरावा कोणाजवळहि नव्हता, आणि बडतर्फ करण्याची जरूरीहि नव्हती. हिशेबाचें काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिलें असतें, तर दडविलेलें खातें टिकूं शकलें नसतें. तो प्रामाणिक असता तर या फेरफारानें त्याचें कांहींच बिघडलें नसतें. म्हणजे जो उपाय निरपराध्याला इजा करीत नाहीं आणि अपराध्याला मोकळें सोडीत नाहीं, असा उपाय हाताशीं होता. भीतीमुळें तो केला गेला नाहीं.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. ब्रिटनमध्यें गांवोगांवच्या पुष्कळशा डाककचेऱ्या उपडाकपाल चालवितात. हे लोक पोस्टाचे पगारी नोकर नसून करारानें नेमलेले असतात. बहुतेकांचें एखादें लहानसें दुकान असतें आणि त्याच्या एका कोपऱ्यांत टपालाची खिडकी असते. १९९९ पासून या कचेऱ्यांत होरायझन नांवाची संगणकी हिशेबपद्धति सुरू करण्यांत आली. लौकरच ठिकठिकाणीं तूट दिसूं लागली. संगणक सांगे कीं, पेटींत इतके पौंड असावयास पाहिजेत. प्रत्यक्षांत तितके नसत. डाकपाल वरच्या कचेरीला विचारीत तेव्हां, असा त्रास तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच होत नाहीं, असें पुष्कळांना सांगण्यांत येई. करारानें तूट भरून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. कोणीं साठविलेला पैसा भरला, कोणीं घर गहाण टाकलें. ज्यांना तेंहि साधलें नाहीं, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले.

१९९९ ते २०१५ या काळांत ९०० हून अधिक लोक अशा रीतीनें दोषी ठरले. मूळच्या भारतीय असलेल्या एका बाईंना २०१० सालीं, त्या गरोदर असतांना, पंधरा महिन्यांची कैद झाली. पुष्कळांनीं तुरुंग टळावा म्हणून न केलेला गुन्हा कबूल केला. गांवांत ज्यांच्या हातीं लोक डोळे झांकून निवृत्तिवेतनाचे पैसे सोपवीत, त्यांना रस्त्यांत चोर म्हणून हांका ऐकाव्या लागल्या. अॅलन बेट्स नांवाचे वेल्समधील एक उपडाकपाल मात्र हटले नाहींत. न समजणारी तूट मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला. २००३ सालीं त्यांचा करार संपविण्यांत आला. त्यांनीं आपल्यासारखे इतर शोधले, आणि अखेर ५५५ जणांनीं मिळून दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजीं लंडनच्या उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, होरायझनमध्यें खरोखरच दोष होते आणि त्या दोषांमुळें हिशेबांत खोटी तूट दिसूं शकत होती. २०२१ सालीं ३९ जणांच्या शिक्षा एकदमच रद्द झाल्या. २०२४ सालीं तर संसदेनें खास कायदा करून शेंकडों लोकांना दोषमुक्त केलें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालांत म्हटलें आहे कीं, या प्रकरणापायीं किमान १३ जणांनीं आत्महत्या केली असावी. शिक्षा रद्द झाल्याचा कागद त्यांच्यापर्यंत पोंचणार कसा?

चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा हा प्रकार नव्हे. येथें कित्येक ठिकाणीं चोरीच झालेली नव्हती. मग एवढ्या लोकांवर किटाळ आलें कसें? ज्याची तक्रार, त्याचाच तपास आणि त्याचीच फिर्याद, अशी स्थिति होती. पोस्टाची संस्था स्वतःच फिर्याद करी, तिचेच तपासनीस पुरावा गोळा करीत, आणि मुख्य साक्षीदार म्हणजे तिनेंच बसविलेलें यंत्र. सिंगापुरांत सौदा करणारा आणि तपासणारा हात एक होता. ब्रिटनच्या पोस्टांत आरोप करणारा आणि तपासणारा हात एक होता. दोन्हीकडे रोग एकच. यावरून संशयाच्या प्रसंगीं मालकानें पाळावयाचें मुख्य सूत्र निघतें: प्रथम हात वेगळे करावेत. संशयिताचा हात किल्ल्यांपासून वेगळा करावा आणि स्वतःचा हात न्यायदानापासून वेगळा करावा. निकाल त्यानंतरचा.

हें प्रत्यक्षांत कसें करावें? संशय येतांच मालकानें त्याची वाच्यता करूं नये. ज्याचा संशय आहे त्याला दरडावून विचारणें ही पहिली चूक. कारण तो अपराधी असेल तर रात्रींत कागद नाहींसे होतील, आणि निरपराध असेल तर जन्माची तेढ पडेल. प्रथम दप्तर सुरक्षित करावें. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तकें यांच्या नकला घ्याव्यात. संगणकांतील हिशेबाची प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. बॅंकेकडून खात्याचा उतारा थेट मालकाच्या हातीं मागवावा, संशयिताच्या हस्तें मागवूं नये. किती तारखेला, कोणती रक्कम, कोणत्या कागदावरून खटकली हें लिहून ठेवावें. मनांतला संशय कागदावर उतरवूं लागलें कीं, पुष्कळदां तो निम्मा होतो. आणि जो उरतो तो तपासण्याजोगा असतो.

त्यानंतर किल्ल्या. संशयिताला कांहीं दिवस कामावरून दूर ठेवावें, पण चोर म्हणून नव्हे. पगारी रजा हा यावरचा उत्तम मार्ग होय. भारताच्या रिझर्व्ह बॅंकेनें २०२१ सालीं बॅंकांना असाच नियम घालून दिला: नाजूक जागांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षीं सलग निदान दहा कामाचे दिवस सक्तीची रजा द्यावी आणि ती पूर्वसूचना न देतां द्यावी. या रजेंत त्यानें आपलें काम दुरूनहि करावयाचें नाहीं. या नियमांत कोणावरहि आरोप नाहीं. दुसरा मनुष्य त्या खुर्चीवर बसला म्हणजे दडविलेली गोष्ट आपोआप वर येते, एवढाच त्यांतील अनुभव.

तो अनुभव मुंबईनेंच देशाला दिला आहे. पंजाब नॅशनल बॅंकेच्या फोर्ट भागांतील ब्रॅडी हाऊस शाखेंत एक उपव्यवस्थापक सुमारें सात वर्षें एकाच जागीं होता. २०१७ च्या मे महिन्यांत तो निवृत्त झाला. पुढील जानेवारींत कांहीं हिऱ्यांच्या पेढ्या परदेशांतील देण्यासाठीं बॅंकेचीं हमीपत्रें मागावयास आल्या. नव्या अधिकाऱ्यानें नियमाप्रमाणें पुरी रक्कम तारण मागितली, तेव्हां, यापूर्वीं असें तारण कधींच द्यावें लागलें नव्हतें, असें उत्तर मिळालें. मग जुन्या नोंदी शोधल्या, तर बॅंकेच्या मुख्य हिशेबांत त्या हमीपत्रांची नोंदच सांपडेना. १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं बॅंकेनें सुमारें ११,४०० कोटी रुपयांच्या संशयास्पद व्यवहारांची माहिती शेअरबाजाराला कळविली. कोण किती दोषी हें ठरविणें न्यायालयाचें काम. परंतु सात वर्षांत जें दिसलें नाहीं तें खुर्चीवरील माणूस बदलतांच थोड्या महिन्यांत दिसलें, ही गोष्ट कोणत्याहि मालकाला विचार करावयास लावणारी आहे.

पगारी रजेनें काम भागण्यासारखें नसेल, तर चौकशी होईपर्यंत निलंबन करावें लागतें. निलंबन ही शिक्षा नव्हे, हें मालकानें स्वतःला आणि इतरांना बजावावें. ज्या कारखान्यांना आणि संस्थांना स्थायी आदेशांच्या कायदेशीर तरतुदी लागू आहेत, तेथील कामगाराला निलंबनकाळांत पहिले ९० दिवस अर्धें वेतन, आणि विलंब त्याच्यामुळें झाला नसल्यास पुढें पाऊण वेतन, निर्वाहभत्ता म्हणून द्यावें लागतें. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतींत नेमणुकीच्या करारांतील अटी पाहाव्या लागतात. कायदा लागू असो वा नसो, त्यामागील न्याय सर्वत्र लागू आहे: ज्याचा गुन्हा ठरला नाहीं, त्याच्या घरची चूल विझवूं नये.

किल्ल्या दुसऱ्या हातीं गेल्यावर मोजदाद करावी. ही मोजदाद मालकानें एकट्यानें करूं नये; संशयिताच्या जागेवर डोळा असणाऱ्या सहकाऱ्याकडून तर मुळींच करवूं नये. पेढीशीं संबंध नसलेला जाणता हिशेबनीस बोलवावा. त्यानें आंतल्या कागदांवर न थांबतां बाहेरच्या कागदांशीं ताळा घालावा. व्यापाऱ्याला थेट पत्र लिहून विचारावें कीं, तुम्हांला किती पैसे पोंचले. वखारींतील पोतीं मोजावींत. पगारपत्रकावरील प्रत्येक नांवाचा मनुष्य खरोखर कामावर येतो कीं नाहीं, तें पाहावें. बेअरिंग्जच्या तपासनिसांनीं समोर आलेल्या पत्रावर भरंवसा ठेवला. ज्याच्या नांवानें तें लिहिलें होतें त्यालाच विचारलें असतें, तर गोष्ट तेथेंच उघडी पडली असती.

या मोजदादींत मालकाला कित्येकदां अनपेक्षित गोष्टी आढळतात. रक्कम दोनदां लिहिली गेलेली असते. संगणकाच्या पद्धतींतच दोष असतो. दुसराच कोणी या माणसाचा परवलीचा शब्द वापरीत असतो. कधीं तर असेंहि दिसतें कीं, मालकानेंच घरखर्चाला म्हणून कच्च्या चिठ्ठीवर रोकड नेली होती आणि विश्वासू नोकर बिचारा ती कोठें तरी खर्चीं टाकून वेळ मारून नेत होता. अशा वेळीं अफरातफर कोणाची म्हणावयाची, हा प्रश्न मालकानें आरशासमोर उभें राहून विचारावा.

संशय कोठून आला, हेंहि पाहावें. निनावी पत्र आलें म्हणून कोणाला दोषी धरतां येत नाहीं. पण निनावी म्हणून तें केराच्या टोपलींत टाकणेंहि शहाणपणाचें नाहीं. अफरातफरींचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालांत अभ्यासलेल्या प्रकरणांपैकीं ४३ टक्के प्रकरणें कोणीतरी दिलेल्या खबरेवरून उघडकीस आलेलीं आहेत, आणि त्या खबरींपैकीं निम्म्याहून अधिक त्याच संस्थेंतील नोकरांनीं दिलेल्या आहेत. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. अपहाराची खबर देणाराला, ती खरी ठरल्यास, वसूल रकमेचा वांटा सांगितला आहे आणि खोटी ठरल्यास दंड सांगितला आहे. खबर ऐकावी, पण तिची किंमत पुराव्यानें ठरवावी, हा त्याचा अर्थ. अधिकारपदें एकाच माणसाकडे कायम ठेवूं नयेत, असाहि त्या ग्रंथाचा कटाक्ष आहे.

मोजदादींत तूट खरी ठरली आणि ती या माणसापर्यंत पोंचते असें दिसलें, तरीहि निकालाची वेळ आलेली नसते. आतां त्याचें म्हणणें ऐकावयाचें असतें. आरोप लेखी द्यावा. तारीख, रक्कम आणि कागद यांचा उल्लेख करून द्यावा. ‘तुमच्या हिशेबांत घोटाळे आहेत’ असें मोघम लिहिणें म्हणजे अंधारांत काठी मारणें होय. उत्तराला पुरेसा अवधि द्यावा, कागद पाहूं द्यावेत, साक्षीदाराला प्रश्न विचारूं द्यावेत. चौकशी करणारा मनुष्य फिर्यादी नसावा. दरडावून घेतलेल्या कबुलीजबाबावर विसंबूं नये. ब्रिटनमधील डाकपालांच्या कबुल्या कोणत्या किंमतीच्या होत्या, हें जगानें पाहिलें आहे.

किती पुरावा झाला म्हणजे पुरे? फौजदारी न्यायालयांत वाजवी शंकेला जागा उरतां कामा नये; नोकरीच्या खातेनिहाय चौकशींत इतकी कडक कसोटी नसते, एखादी गोष्ट घडली असण्याचा संभव अधिक आहे एवढें दिसलें तरी चालतें. परंतु कसोटी सौम्य असली तरी ती पुराव्याचीच कसोटी आहे. केंद्र सरकारच्या एका अभियंत्याच्या बडतर्फीच्या खटल्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, खातेनिहाय चौकशींतसुद्धां नुसत्या संशयाला पुराव्याची जागा देतां येत नाहीं. हें वचन न्यायालयापुरतें नाहीं. खासगी पेढींतहि तें तितकेंच खरें आहे.

यानंतर पहिल्या दिवशीं मनांत आलेला प्रश्न विचारण्याची वेळ येते, आणि आतां त्याचें उत्तर बहुधा कागदांवरच लिहिलेलें असतें. मनुष्य निर्दोष ठरला, तर त्याला त्याच्या जागीं सन्मानानें बसवावें. ज्या चौघांच्या कानांवर संशय गेला होता, त्यांच्यासमोर तो खोटा ठरल्याचें मालकानें स्वतः सांगावें; खोलीचें दार लावून दिलगिरी दाखविणें पुरेसें नव्हे. निष्काळजीपणा ठरला, तर काम बदलावें, समज द्यावी; निष्काळजीपणाला चोरीचें नांव देऊं नये. संशय फिटलाहि नाहीं आणि सिद्धहि झाला नाहीं, असा प्रकार सर्वांत अवघड. अशा वेळीं चोर म्हणून काढण्याचा अधिकार मालकाला नाहीं. मात्र व्यवस्था अशी बदलावी कीं, पुढें एकट्या हातानें पैसा हलूं नये.

आणि लबाडी सिद्ध झाली, तर त्या माणसाला ठेवूं नये. रक्कम लहान आहे, मनुष्य हुषार आहे, त्याच्यावांचून अडेल, या सबबी येथें गैरलागू आहेत. उरलेले सारे नोकर पाहत असतात. मोठ्या पगाराच्या माणसाला क्षमा आणि शिपायाला पोलीस, असा न्याय ज्या पेढींत एकदां दिसला, तेथें प्रामाणिकपणा हा मूर्खपणा ठरतो. पैसे परत करतो, बोभाटा करूं नका, अशी विनवणी होते. पैसे अवश्य घ्यावेत. परंतु त्यांच्या मोबदल्यांत मौन विकूं नये. पोलिसांची धमकी देऊन पैसे उकळणें तर मालकालाच गोत्यांत आणणारें आहे. सर्वांत वाईट चाल म्हणजे मुकाट्यानें राजीनामा घेऊन हातीं उत्तम वर्तनाचा दाखला देणें. त्या दाखल्यावर तो दुसऱ्या पेढीच्या किल्ल्या मिळवितो आणि पहिल्या मालकाची सही त्या दुसऱ्या चोरीची साक्षीदार होते. नोकरानें केलेला विश्वासघात हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३१६ मध्यें त्यासाठीं सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फिर्याद करावी कीं नाहीं हें वकिलाच्या सल्ल्यानें ठरवावें; पण ठरवितांना मालकाच्या अब्रूपेक्षां पुढच्या मालकाचा विचार अधिक करावा.

हा सारा विचार मोठ्या पेढ्यांपुरता नाहीं. सहकारी गृहसंस्थेचा खजिनदार, देवस्थानचा कारभारी, गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस, सार्वजनिक वाचनालयाचा कारकून यांच्याविषयीं जिन्यांत आणि ओट्यांवर जी कुजबूज होते, तिच्यांतहि हेच संताप आणि संकोच काम करीत असतात. वर्षानुवर्षें कोणी वही मागत नाहीं, आणि एके दिवशीं सर्वजण मिळून एका माणसावर तुटून पडतात. दरवर्षीं वही मागणें हा अविश्वास नव्हे. ज्याच्याकडे वही कधीं मागितलीच गेली नाहीं, त्या प्रामाणिक माणसाजवळ आळ आल्या दिवशीं दाखवावयास कांहींच नसतें. किल्ल्या दोन हातांत ठेवणें, खुर्चीवरचा मनुष्य अधूनमधून बदलणें आणि हिशेब बाहेरच्या डोळ्यांनीं पाहवून घेणें, एवढें जेथें नेहमींच होतें, तेथें चोराला संधि थोडी मिळते आणि सज्जनाला आपला सज्जनपणा शपथ घेऊन सांगावा लागत नाहीं.